मारणाऱ्याचा आवाज

माझ्या मित्राच्या आवाजाला पंचवीस वर्षांत एकदाही शहाण्या माणसाचं तोंड मिळालं नव्हतं. हवालदार, आचारी, दारुडा, भूत बघून पळणारा नोकर, दरोड्यात सगळ्यांत आधी मरणारा पहारेकरी. परदेशी चित्रपट मराठीत येताना असली जेवढी माणसं बरोबर घेऊन येतो, ती सगळी याच्या वाट्याला. तो जोगेश्वरीत वाढला, घराणं मूळ कुडाळकडचं, वडील गिरणीत. डबिंगच्या धंद्यात एवढी माहिती पुरते. माणूस कोकणातला आहे म्हटलं की त्याचा आवाज विनोदी, हे ऐकण्याआधीच ठरलेलं असतं.

मी त्याच धंद्यात दुसऱ्या टोकाला आहे. बोरीवलीच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर परदेशी चित्रपटांचे मराठी संवाद लिहायला लागले. शाळेत जे साधलं नाही ते इथे साधलं. माझी वाक्यं लोक शेवटपर्यंत ऐकतात, कारण मधेच कोणीतरी काच फोडून बाहेर पडतो आणि ते काय होतंय म्हणून बसून राहतात. काम वरवर सोपं आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी हवं, तोंड उघडं असेल तर आ हवा, आणि एवढं सांभाळून त्याला काहीतरी अर्थही हवा. शेवटची अट बहुतेक जण सोडून देतात.

तो चित्रपट दोन पोलीस डिटेक्टिव्हांचा होता. एक उंच, शिस्तीचा, मारामारीच्या विद्येत पारंगत, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. दुसरा जाडा, बडबड्या, भित्रा, सतत काहीतरी खाणारा. याच्या हातून गुन्हेगार पडतात ते केवळ अपघातानं, म्हणजे हा घाबरून मागे सरतो आणि कढई कोणाच्या तरी डोक्यात बसते. दोघांना एका गाडीत कोंबलंय आणि दोघांचं एकाही गोष्टीवर पटत नाही. सगळा जीव मारामाऱ्यांत. त्यातली छत्र्यांच्या कारखान्यातली मारामारी सात मिनिटांची आहे, आणि मी, जिला मारामारीत पाच पैशांची गोडी नाही, ती तीनदा पाहिली.

अशा चित्रपटात जाड्याचं काम मित्राला मिळणार हे गृहीत होतं. तो आवाजाची चाचणी द्यायला आला तोही त्याच तयारीनं. पण त्या दिवशी डबिंगच्या दिग्दर्शिकेनं सहज त्याला उंच माणसाची दोन वाक्यं म्हणायला लावली. काचेच्या पलीकडे तो उभा राहिला, खांदे पाडले आणि म्हणाला, "नियम मोडायला वेळ लागत नाही. मोडलेलं सांधायला जन्म जातो." वाक्य माझं होतं. मला ते त्या क्षणापर्यंत बरं वाटत होतं. त्यानं म्हटल्यावर खरं वाटलं.

त्याचा आणि आणखी एका कलाकाराचा, असे दोन आवाज परदेशात निर्मात्यांकडे पाठवले गेले, तिथून याचा पसंत होऊन आला.

त्याला किती आनंद झाला हे कळायला त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते ऐंशीच्या पुढचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. दिवसभर टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि ऐकतात. मुलाचं काम त्यांनी कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. आणि ऐकलंय ते असं: "नको साहेब, मारू नका साहेब." एकदा मी घरी गेले होते तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी त्याला विचारलं होतं, "तुझो आवाज नेहमी मार खाणाऱ्याचोच कित्याक रे?"

तो हसला होता. "त्याचाच पगार देतात बाबा."

गिरणीत असताना म्हातारा दर वर्षी जत्रेला रजा टाकून गावी जायचा आणि दशावतारात दैत्य उभा करायचा. त्यानं मुलाला एकच विद्या दिली. "तलवार लाकडाची आसता," तो सांगायचा, "वजन घशात व्हया." म्हणजे वार करायच्या आधी श्वास घशात अडवायचा, हुप् असा बारीक आवाज होतो, आणि मग सगळा एकदम सोडायचा. समोरचा माणूस लाकडानं नाही, त्या आवाजानं पडतो. ही त्यांच्या घरातली फेक. ती मुलाला पंचवीस वर्षांत वापरायची वेळ आली नव्हती, कारण पडणाऱ्याला ती लागत नाही.

"बाबा, ह्या टायमाक मी मारतलंय," असं त्यानं वडिलांना सांगितलं. म्हातारा दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांना विचारायला लागला, झिलाचा पिक्चर कधी लागणार.

रेकॉर्डिंग तीन दिवस चाललं, अंधेरीला, एका इमारतीच्या तळघरात. मारामारीतले हुंकार, धापा, किंकाळ्या यांना धंद्यात एफर्ट म्हणतात. ते शेवटच्या दिवशी घेतात, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. ते वेगळ्या ट्रॅकवर ठेवतात. हे ध्यानात ठेवा. मित्र घड्याळ, किल्ल्या, चपला बाहेर काढून ठेवायचा. माइक कापडाची सळसळसुद्धा पकडतो म्हणून सुती सदरा. तसा तो उभा राहिला आणि डाव्या हाताची मूठ स्वतःच्या पोटात रुतवून सात मिनिटं एकटा तेवीस माणसांशी लढला. हुप्, हेऽत्. हुप्, हेऽत्. पाय जमिनीवर गच्च. दिग्दर्शिका बटण दाबून म्हणाली, "दादा, उरलेलं उद्या करू." त्यानं मान हलवली. "आता तापलोय. थांबवू नका."

नंतर दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं. माझ्या संहितेच्या कागदामागे लिहून त्यानं चहा मागितला होता, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

यानंतर चॅनलचे क्रिएटिव्ह हेड कथेत येतात. हे गृहस्थ प्रत्येक मीटिंगची सुरुवात "आपल्या मातीतलं" या शब्दांनी करतात. त्यांच्या केबिनमध्ये पितळेची घंगाळी, कंदील, जातं असं सगळं मांडलेलं आहे. जात्यावर त्यांचा लॅपटॉप असतो. त्यांनी मला फोन केला. रेकॉर्डिंग होऊन महिना झाला होता, चित्रपट लागायला तीन आठवडे होते.

"मॅडम, छोटा बदल. हिरोचा आवाज आपण बदलतोय. आपल्या साडेआठच्या मालिकेतले सर करणार आहेत."

"आधीच्या आवाजात काय वाईट होतं?"

"वाईट काहीच नाही हो. फक्त जरा लोकल वाटतो."

मराठी लोकांसाठी, मराठी वाहिनीवर, मराठीत केलेलं काम, आणि त्यातला दोष असा की ते इथलं वाटतं. मी हे तेव्हा म्हणाले नाही. आता लिहितेय. राग वेळेवर येणं ही एक वेगळीच कला आहे, ती मला शिक्षकाच्या नोकरीत येत होती. समोर चौथी ब असायची.

"सर डबिंगला नवीन आहेत," ते पुढे म्हणाले. "तर हिरोची वाक्यं जरा सोपी करून द्याल? जोडाक्षरं कमी, छोटं छोटं. आणि एफर्ट आपण आधीचेच ठेवतोय. सरांच्या घशाला रिस्क नको, रोज शूटिंग असतं त्यांचं."

म्हणजे बोलणार एक आणि मारणार दुसरा. घसा फोडून घेतलेला ट्रॅक ठेवायचा, माणूस काढायचा. धड ठेवून मुंडकं बदलण्याची परंपरा आपल्याकडे आहे, पण तिथे निदान हत्तीची देवता झाली.

मी ती वाक्यं सोपी करून दिली. एका सकाळी, चहा पीत, दोन तासांत. नियम आणि जन्माचं वाक्य कापून तिथे लिहिलं: "नियम म्हणजे नियम." ओठ बरोबर बसत होते.

मित्राला मी सांगितलं नाही. स्टुडिओ सांगेल, असं मी धरून चालले. स्टुडिओनं धरलं, चॅनल सांगेल. दिग्दर्शिकेनं नंतर मला सांगितलं की तिला वाटलं, तुमची एवढी ओळख, तुम्हीच सांगितलं असेल. मुंबईत वाईट बातमी अशी हातोहात फिरते आणि ज्याची असते त्याच्यापर्यंत पोचत नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीतही काही कळायला जागा नव्हती. तिच्यात जाड्याचे विनोद होते आणि मारामाऱ्या होत्या, म्हणजे हिरोचा तेवढाच भाग, जो अजून याचाच होता.

चित्रपट रविवारी दुपारी एकला लागणार होता. त्या आठवड्यात बुधवारी त्याचा फोन आला.

"बाई, रविवारी जेवायलाच या. बाबांना ऐकवायचंय. खालच्या पोराकडून स्पीकर आणलाय मोठा. बांगड्याचं तिखलं आहे."

मी म्हणाले, "अरे, ऐक ना."

"तुम्ही हव्यातच हां. तुमची वाक्यं आहेत. बाबा रोज विचारतात, लिवणारी बाई येणार ना?"

"येते," मी म्हणाले.

शनिवारी अंधेरीच्या एका हॉटेलात चित्रपटाचा सोहळा होता. मालिकेतला नायक, क्रिएटिव्ह हेड, पत्रकार, तुतारी वाजवणारे दोघे भाड्याचे, आणि तिसऱ्या रांगेत मी. मित्राला बोलावणं नव्हतं. नायक बोलायला उभा राहिला. देखणा, नम्र, नम्रता अंगाला चांगली बेतलेली. तो म्हणाला की माय मराठीसाठी घसा फुटला तरी चालेल. तो म्हणाला की छत्र्यांच्या कारखान्यातल्या मारामारीनंतर त्याला चार दिवस हळदीचं दूध प्यावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे पाणावले.

मग माझं नाव पुकारलं. शाल आणि श्रीफळ. शाल घालून घेताना मान खाली करावी लागते; या सन्मानाची रचना किती पूर्ण विचारानं केलेली आहे हे मला त्या क्षणी समजलं. मी मान खाली केली. समोर माइक होता, एक पाऊल अंतरावर. तिथे जाऊन "ते हुंकार यांचे नाहीत" एवढं म्हणायचं होतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी नारळ घेऊन खाली आले आणि जागेवर बसले.

घरी येऊन मित्राला मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला, परत खोडला. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी म्हटलं, समोरासमोर सांगू. समोरासमोर गेले तेव्हा खोलीत शेजारच्या तीन बायका येऊन बसल्या होत्या, स्पीकरला झेंडूचा हार घातला होता, आणि म्हातारा धुतलेलं धोतर नेसून, दाढी करून, खुर्चीत ताठ बसला होता.

"इलात बाईनू?" आवाजाच्या दिशेनं तोंड करून तो म्हणाला. "आज ह्यो मारतलो."

मी मित्राला म्हटलं, "जरा बाहेर ये."

"पिक्चर सुरू होतोय बाई. काय ते नंतर."

पहिली पाच मिनिटं जाडाच बोलत होता. मग दार उघडलं आणि उंच माणूस आत आला. मित्र भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलायला लागले. त्याला सगळी संहिता पाठ होती. ओठांत तो म्हणाला, "नियम मोडायला वेळ लागत नाही," आणि हार घातलेल्या स्पीकरमधून मालिकेतला नायक म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

"अय्या!" शेजारीण टाळी देत म्हणाली. "हा तर आपल्या साडेआठच्या मालिकेतला!"

मित्रानं दोन वाक्यं अजून ऐकली. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाला, "वाक्यं बदललीत बाई."

नुसता आवाज बदलला असता तर दुसऱ्या कोणीतरी त्याला फसवलं असतं. वाक्यं बदलली होती, म्हणजे मी. हे त्याला एका वाक्यात कळलं, कारण त्या वाक्याचा ओठ न् ओठ त्यानं मोजलेला होता.

"ह्यो कोण बोलता?" म्हाताऱ्यानं विचारलं.  शेजारणींना एव्हाना काहीतरी चुकलंय हे कळलं होतं आणि त्या पदर सारखे करत बसल्या. अर्धा तास असा गेला. कोणी हसलं नाही. जाडा त्या अर्ध्या तासात दोनदा पाण्यात पडला, एकदा लग्नाच्या केकवर बसला.

मग छत्र्यांचा कारखाना आला. पहिला गुंड अंगावर धावला.

हुप्. हेऽत्.

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "गप रवा सगळी," तो म्हणाला, खरं तर कोणी बोलत नव्हतं. हात पुढे करून त्यानं स्पीकर शोधला आणि तळवा त्याच्यावर ठेवला, हाराच्या फुलांवर. सात मिनिटं तो तसा बसून होता. प्रत्येक वाराआधी त्याचाही श्वास घशात अडायचा. शेवटचा माणूस छत्र्यांच्या ढिगात पडला तेव्हा त्यानं हात काढला.

"ह्यो तू," तो मुलाला म्हणाला.

"हो बाबा."

"बोलता तो कोणाचो कोण."

"बदलला त्यांनी."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे तोंड केलं. "बाईनू, तुमका ह्या म्हायत होता?"

"हो," मी म्हणाले.

"मगे सांगूक कित्याक नाय?"

तीस वर्षं मी मुलांना उभं करून हाच प्रश्न विचारला. उत्तर देता आलं नाही की ती खाली बघायची, आणि मी म्हणायचे, वर बघ. मी खाली बघत होते. इथे वर बघ म्हणणाराही बघू शकत नव्हता. जाहिराती लागल्या. साबण, पंखा, साडेआठची मालिका.

"टीव्हीचो आवाज बंद कर," म्हातारा मुलाला म्हणाला. "तू बोल."

"बाबा, जाऊ द्या ना."

"पाठ आसा ना तुका? बोल."

मित्रानं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. जाहिराती संपल्या. उंच माणूस पुलावर उभा होता. मित्र वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, चपला नव्हत्याच पायांत, खांदे पाडले, आणि त्या जागेचं माझं मूळ, न कापलेलं वाक्य त्या ओठांवर नेमकं ठेवलं. शेजारीण हळूच म्हणाली, "अगं बाई." म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. तसे ते मिटले काय नि उघडे काय, पण त्यानं मिटले.

मग जाड्याची पाळी आली. पडद्यावर त्याचं तोंड हललं आणि खोलीत शांतता. मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, जाड्याचं तुम्ही म्हणा. लिहिलंय तुम्ही."

"मला कुठं येतंय रे?"

"म्हणा."

मी म्हटलं. बायकी, शिक्षकी आवाजात, अर्धा सेकंद उशिरा. "साहेब, मी गाडीतच थांबतो. मी आहे तिथून तुमच्यावर लक्ष ठेवतो." भित्र्याची वाक्यं म्हणायला फार कष्ट पडले नाहीत. मी चुकले की मित्र खालच्या आवाजात पुढचा शब्द सांगायचा, आणि लगेच खांदे पाडून त्याचं वाक्य म्हणायचा. एकदाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या मारामारीत त्यानं एफर्टही परत दिले, मूठ पोटात रुतवून, आणि घसा दुसऱ्यांदा गेला.

"जाडो बरो बोलता," म्हातारा मधेच म्हणाला. बायका हसल्या. मित्र नाही.

चित्रपट संपला. नावांची पाटी वर सरकायला लागली आणि चॅनलनं ती नेहमीप्रमाणे मधेच कापून पुढची जाहिरात लावली. मित्रानं टीव्ही बंद केला, स्पीकरवरचा हार काढला आणि खुंटीला टांगला. शेजारणी उठून गेल्यावर खाली चटई घातली आणि तीन पानं वाढली. माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा, पाहुण्याला देतात तो. काही न बोलता, कारण आता त्याला बोलता येत नव्हतं.

"बस," असं त्यानं हातानं दाखवलं. मी बसले.